बार, भाला आणि सोनतळी

हातकणंगल्याच्या आमच्या जुन्या घरात, माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांच्या आधाराने एक ठासणीची बंदूक आडवी टांगलेली असे. पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेली, एकनळी, आणि माझ्या त्या वेळच्या उंचीपेक्षा चांगली हातभर लांब. ती आज्जाची. तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि ज्वारी हुरड्यावर आली की, आज्जा ती खाली काढायचा. मग आम्ही पोरे त्याच्याभोवती बसायचो.

बंदूक भरणे हा तेव्हा एक सोहळाच होता. आधी नळीत मापाने काळी दारू ओतायची. त्यावर चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा घालून तो लोखंडी गजाने ठासायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी. मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा मागे ओढायचा आणि मगच चाप. एवढे होईपर्यंत डुक्कर शेत ओलांडून पलीकडच्या ओढ्याला लागलेले असायचे. आणि बार निघालाच, तर पहिल्यांदा दिसायचा तो पांढरा, गंधकाच्या वासाचा धूर. समोर काय घडले हे तो विरेपर्यंत कळायचे नाही. जनावर पडले, पळाले, की उलटून अंगावर येते आहे, या तिन्ही शक्यता त्या धुरात एकदमच उभ्या असायच्या. आज्जा म्हणायचा की शिकाऱ्याची परीक्षा बार काढताना होत नाही, धूर जाईपर्यंत तो काय करतो यात होते.

हा आज्जा पोरवयात आपल्या बापाबरोबर संस्थानच्या शिकारीत हाकेकरी म्हणून गेलेला. ढोल, डबे बडवत रान उठवायचे आणि जनावर पुढे काढायचे, हे हाकेकऱ्याचे काम. मजुरी आणि पोटभर जेवण मिळायचे. त्यामुळे राजर्षी शाहू छत्रपती म्हटले की शाळेत आम्हाला वसतिगृहे, राखीव जागा, सक्तीचे शिक्षण हे सारे शिकवले जायचे, आणि घरी आलो की आज्जाच्या तोंडून घोडे, भाले, चित्ते आणि बंदुका ऐकायला मिळायच्या. कितीतरी वर्षे मला ही दोन वेगवेगळी माणसे वाटायची. एक पुस्तकातले फेट्यातले महाराज, आणि दुसरे आज्जाचे, पहाटेच्या धुक्यात घोड्यावर बसलेले. ही दोन माणसे एकच आहेत हे मला उशिरा उमगले. त्यांना एकत्र आणणारी घटना आनंदाची नव्हती. तिच्याकडे येईनच, पण आधी शिकारी कसा घडला ते पाहू.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा, कोल्हापूरलगतच्या कसबा बावड्याचा. मूळ नाव यशवंतराव, कागलच्या जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटग्यांचे थोरले चिरंजीव. आई राधाबाई ही मुधोळच्या घोरपड्यांची लेक. मुधोळ म्हटले की आपल्याकडच्या कोणाही शिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतो तो तिथला कुत्रा: उंच, पोटाशी खपाटीला गेलेला, लांब तोंडाचा, सशामागे सुटला तर वाऱ्याशी शर्यत लावणारा. म्हणजे आजोळ शिकारी कुत्र्यांसाठी नावाजलेले आणि वडिलांचे घर सरदारकीचे. पोराच्या रक्तातच शिकार होती असे म्हणायचा मोह होतो. पण रक्ताबिक्तावर माझा फारसा विश्वास नाही. त्या काळी संस्थानिकाच्या मुलाला घोडा, भाला आणि बंदूक शिकवली जायची, जशी ब्राह्मणाच्या मुलाला संध्या. ज्याला ती गोडी लागायची तो पुढे जायचा, एवढेच. या मुलाला ती लागली.

आई तीन वर्षांचे असताना गेली. 17 मार्च 1884 रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. दोन वर्षांत वडीलही गेले. मग राजकोटचे राजकुमार कॉलेज, आणि तिथून परतल्यावर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिक्षण. राजकोटला काठेवाडची राजपुत्रमंडळी शिकायला असत. त्यांतल्या भावनगरच्या भावसिंहजींशी महाराजांची मैत्री जडली ती जन्मभर टिकली. हे भावनगरचे नाव लक्षात ठेवा, चित्त्यांच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

याच विद्यार्थिदशेत, 1888 साली, कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा मुहूर्त महाराजांच्या हस्ते झाला आणि 1891 मध्ये गाडी सुरू झाली. आमचे हातकणंगले स्टेशन त्याच मार्गावरचे. स्टेशनाबाहेर आज जिकडे पाहावे तिकडे ऊस आहे. पण आज्जाच्या लहानपणी इथे बरेचसे उघडे माळ होते, कुसळी गवताचे, अधूनमधून बाभळी असलेले. एकीकडे आळत्याचा रामलिंगाचा डोंगर, दुसरीकडे बाहुबलीचा. अशा माळावर काळवीट राहते, डुक्कर ओढ्याकाठी राहते, आणि वाघ राहत नाही. वाघ आणि गवे पश्चिमेला, राधानगरी-दाजीपूरच्या दाट रानात. एकाच संस्थानात दोन तऱ्हेची राने होती, म्हणून शिकारही दोन तऱ्हेची आणि हत्यारेही निरनिराळी.

2 एप्रिल 1894 रोजी महाराजांच्या हाती राज्यकारभार आला. तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. अंगाने दणकट, तालमीत घुमलेले, घोड्यांचे वेडे, चार घोड्यांची गाडी स्वतः हाकणारे. आणि योगायोग असा, की त्यांची ही वीस वर्षे म्हणजे बंदुकीच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी उलथापालथ. तिच्याविषयी थोडे सांगतो. ज्यांना बंदुकीत रस नाही त्यांनी एवढा भाग सोडून दिला तरी माझी तक्रार नाही.

महाराज जन्मले तेव्हा इंग्रजी फौजेत मार्टिनी-हेन्री ही रायफल नवी होती. फौजेने ती 1871 मध्ये घेतलेली. ठासणीचा खटाटोप तिने संपवला होता. मागून पितळी काडतूस घालायचे, खालची तरफ ओढायची, बार. पण आत दारू तीच, काळी. सुमारे 31 ग्रॅम वजनाची शिशाची गोळी सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगाने निघायची. आजच्या मानाने हा वेग कमी. त्यामुळे गोळी सरळ न जाता कमान करून जायची, म्हणजे दोनशे यार्डांवरच्या काळविटावर नेम धरायचा तर माशी त्याच्या पाठीच्याही वर ठेवावी लागायची. अंतराचा अंदाज वीस पावलांनी चुकला की गोळी पायाखालच्या मातीत. शिवाय धूर होताच. आज्जाच्या बंदुकीचा तसाच तिचाही, फक्त जास्त.

मग 1880 च्या दशकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली. इंग्रजांनी तिचा जो प्रकार काढला तो दिसायला दोरीच्या तुकड्यांसारखा, म्हणून तिचे नाव कॉर्डाइट. फौजेची .303 आली, तिची गोळी निम्म्याहून कमी वजनाची, 14 ग्रॅमची, पण वेग सेकंदाला सहाशे मीटर. 1898 मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने मोठ्या जनावरांसाठी .450 ची दुनळी रायफल काढली. हिची गोळी जवळजवळ मार्टिनीच्याच वजनाची आणि जाडीची. वेग मात्र साडेसहाशे मीटरच्या घरात. गोळी तीच आणि वेग दीडपटीहून जास्त, म्हणजे दणका अडीचपटीच्या वर गेला. हजार किलोच्या आसपास वजन भरणारा गवा, ज्याच्या खांद्यावरचे कातडे आणि स्नायू भेदताना शिशाची मऊ गोळी चपटी होऊन अडकून बसायची, तो आता एका गोळीत खाली येऊ लागला.

गोळीचेही प्रकार झाले. साऱ्या अंगावर धातूचे कवच असलेली गोळी आत खोल जाते, पण लहान जनावराच्या आरपार निघून जाते आणि ते जखमी होऊन कुठेतरी जाऊन मरते. टोकाला शिसे उघडे ठेवलेली गोळी आत गेल्यावर फुलते आणि जागेवर पाडते. या दुसऱ्या जातीची फौजी गोळी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बनली आणि जगभर त्या गावाच्या नावाने बदनाम झाली. 1899 च्या हेग परिषदेने युद्धात तिला मनाई केली. शिकारीत मनाई नव्हती, आणि खरे पाहता तिथे तीच दयाळू. कोणत्या जनावराला कोणती गोळी हे न कळणाऱ्या हौशी शिकाऱ्यांनी त्या काळात किती जखमी जनावरे रानात सोडून दिली असतील, त्याची गणती नाही.

याच काळातला आणखी एक शिकारी आपल्या वाचकांच्या ओळखीचा आहे. जिम कॉर्बेट महाराजांपेक्षा एका वर्षाने लहान. 1907 मध्ये त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर 436 बळी लावले जातात. त्या कामगिरीबद्दल त्याला रिग्बीची .275 ही हलकी रायफल भेट मिळाली आणि पुढे ती त्याची आवडती झाली. डोंगरात मैलोन्‌मैल पायी फिरणाऱ्या माणसाला जड दुनळीपेक्षा तीच सोयीची. रायफल शिकाऱ्याचा स्वभाव सांगते ती अशी.

आणि सरकारचाही. 1907 च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .450 ची नवी हत्यारे आणि काडतुसे आणण्यावर बंदी घातली. भीती ही, की त्या मापाच्या गोळ्या बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनींना उपयोगी पडतील. लंडनच्या कारागिरांनी त्यावर तोड काढली. नळी दोन केसांनी रुंद करून .465, .470, .475 अशी नवी मापे काढली. आज जुन्या रायफलींच्या यादीत ही विचित्र मापे पाहून जो बुचकळ्यात पडतो, त्याला सांगावे लागते की यामागे शिकारीचे शास्त्र नाही, राज्यकर्त्यांची धास्ती आहे. ब्रिटिश मुलखात 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य माणसाच्या हातातली बंदूक परवान्याखाली आणली होतीच. आज्जाच्या त्या परवान्याचे कूळ तिथपर्यंत पोचते.

म्हणजे महाराजांच्या तरुणपणी एखाद्या संस्थानिकाला मनात आणले असते, तर हवी ती आधुनिक रायफल घेऊन मचाणावर बसून दोनशे यार्डांवरून, कपड्याची घडी न मोडता, वाटेल तेवढी शिकार करता आली असती. कित्येक संस्थानिकांनी तसे केलेही. कोणी किती वाघ मारले याचे आकडे तेव्हा तोफांच्या सलामीसारखे मिरवले जात. महाराजांनीही बंदुकीने शिकार केली. परंतु कोल्हापूरचे नाव ज्या शिकारीसाठी गाजले, त्या दोन्हींत बंदूक नाही. एक चित्त्याची, दुसरी भाल्याची.

चित्त्याची शिकार म्हणजे चित्त्याला मारणे नव्हे, चित्त्याकडून काळवीट धरवणे. रानातला मोठा चित्ता धरून त्याला माणसाळवायचे, हे काम पिढीजात चित्तेवानांचे. चित्ता वाघ-बिबट्यासारखा नाही. तो माणसाच्या संगतीला लवकर रुळतो, चित्तेवानाजवळ खाटेवर पडून राहतो, पण पिंजऱ्यात सहसा वीत नाही. म्हणून दर वेळी नवा चित्ता रानातूनच आणायचा. शिकारीच्या दिवशी त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवून त्याला गाडीत बसवायचे. काळविटांचा कळप माणसाला बिचकतो, पण गाडीला तेवढा नाही. गाडी कळपाला वळसा घालत घालत जवळ न्यायची आणि दीडदोनशे पावलांवर आली की टोपी काढायची. चित्ता क्षणभर पाहतो, खाली उतरतो, दबकत दोन पावले टाकतो आणि सुटतो. पुढचा खेळ काही सेकंदांचा. तीनचारशे मीटरांत साधले तर साधले, नाही तर चित्ता दमून बसतो आणि मग राजा असो वा रंक, कुणाच्या सांगण्याने उठत नाही. काळवीट धरले की गळा दाबून थांबतो. चित्तेवान धावत जाऊन जनावराचा शेवट करतो, लाकडी पळीतून चित्त्याला रक्त पाजतो आणि त्याला नकळत टोपी पुन्हा चढवतो.

आज्जाने आमच्या बाजूच्या माळावर अशी गाडी जाताना एकदा पाहिली होती. शिकार त्याला दिसली नाही. हाकेकऱ्यांना लांब थांबवलेले. त्याला दिसला तो टोपी घातलेला चित्ता, गाडीच्या हिसक्यांबरोबर मान डोलवत बसलेला, एखाद्या आंधळ्या म्हाताऱ्यासारखा. साठ वर्षांनी सांगतानाही त्याला जनावराच्या वेगापेक्षा तेच आठवत होते.

हिंदुस्थानातला रानचित्ता तोवर दुर्मिळ होत चालला होता. मग 1918 पासून पुढे कोल्हापूर आणि भावनगर, राजकोटच्या शाळकरी मित्रांच्या त्याच दोन संस्थानांनी, आफ्रिकेतून चित्ते मागवले. बोटीने आलेले चित्ते कोल्हापूरच्या माळावर काळविटामागे धावू लागले. महाराजांच्या मागे राजाराम महाराजांनीही हा शौक चालू ठेवला. इकडे देशी चित्ता 1947 च्या सुमारास संपला. आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानच्या राजाने रात्री गाडीच्या उजेडात तीन नर टिपले, तीच त्याची शेवटची पक्की नोंद. 1952 मध्ये तो देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. 17 सप्टेंबर 2022 रोजी मध्य प्रदेशातल्या कुनोत आफ्रिकेचे चित्ते सोडले गेले तेव्हा टीव्हीवर जो तो म्हणत होता की आफ्रिकेचा चित्ता हिंदुस्थानात पहिल्यांदाच येतो आहे. कोल्हापूरच्या जुन्या चित्तेवानांची घराणी हे ऐकून हसली असतील.

आता भाला. घोड्यावरून डुकराची शिकार ही मराठा सरदारांची जुनी आवड, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनाही तिचे व्यसन. बंगालकडे आखूड, जड टोकाचा भाला वरून खाली मारीत, मुंबईकडे बांबूच्या दांड्याचा लांब भाला कमरेच्या उंचीवर खालून धरीत. पाते तळहाताएवढे, पण वस्तऱ्यासारखे धारदार. रानडुक्कर हे सरळ पळणारे जनावर नव्हे. दमले, चिडले की ते एकाएकी गर्रकन वळते आणि घोड्याच्या पोटाखाली सुळे घालते. घोडा भरधाव, जमीन खाचखळग्यांची, पुढे ओढा आहे की विहीर हे गवतात दिसत नाही, एका हातात लगाम आणि दुसऱ्यात भाला. डुकरापेक्षा जमीनच जास्त माणसे मारते, असे या खेळातले जाणकार मानत. बंदुकीच्या शिकारीत जनावर एकटे धोक्यात असते, इथे शिकारीही धोक्यात असतो, म्हणून ही मर्दानी आणि न्यायाची शिकार, असे त्या वेळचे लोक समजत. डुकराचे मत यावर कुणी घेतले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

महाराज या शिकारीत तरबेज होते. पुढे देह अवजड झाला तरी घोडा सुटला नाही. आपल्या दोन्ही मुलांना, राजाराम आणि शिवाजी यांना, त्यांनी हीच गोडी लावली. धाकटे शिवाजी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. 1917 च्या जूनमध्ये त्यांचे लग्न झाले, सासवडच्या जगतापांच्या मुलीशी. सासरचे नाव इंदुमती. वय अकराच्या आतबाहेर.

बरोबर एक वर्षाने, 1918 च्या जूनमध्ये, रानडुकराच्या शिकारीत अपघात होऊन शिवाजी गेले. वय एकोणीस.

हे सांगताना आज्जा नेहमी थांबायचा. त्याच्या वयाचाच तो मुलगा, दोनतीन वर्षांनी मोठा असेल नसेल. एरवी शिकारीची गोष्ट रंगवून सांगणारा हा माणूस इथे काही रंगवायचा नाही. घोडा कसा पडला, कुठे लागले, यांतले काही नाही. गावात निरोप आला आणि त्या रात्री चुली पेटल्या नाहीत, एवढेच बोलायचा आणि पानाचा डबा ओढायचा.

ज्या बापाने स्वतः मुलाच्या हातात भाला दिला, त्याच्या मनात त्या दिवसांत काय चालले असेल? बंदूक शिकवली असती तर, मचाणावर बसवले असते तर, असे विचार कोणत्याही बापाला येतील. महाराज या आघाताने खचले, हे त्यांचे सारे चरित्रकार सांगतात. पण मला त्यांच्या पुढच्या चार वर्षांकडे पाहावेसे वाटते. बारा वर्षांची विधवा सून राजवाड्यात होती. राजघराण्यातल्या विधवेने उरलेला जन्म पडद्याआड, पोथ्या ऐकत काढायचा, ही रीत. महाराजांनी तिला तिथून बाहेर काढले आणि कोल्हापूरजवळच्या सोनतळी इथे ठेवून शिकवायला सुरुवात केली. सोबतीला आणखी काही मुली, शिकवायला मास्तर, इंग्रजीसकट सगळे विषय. सुनेने शिकून डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. घरच्यांना हे रुचणारे नव्हते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा आणि सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, हे दोन्ही त्यांनी आदल्याच वर्षी, 1917 मध्ये, केले होते. प्रजेसाठी केलेले आता स्वतःच्या उंबऱ्याच्या आत करून दाखवायची वेळ आली होती, आणि ती कुणावरही येऊ नये अशा रीतीने आली होती.

सोनतळीविषयी आणखी एक सांगायला हवे, कारण तिथे आज्जाचे महाराज आणि पुस्तकातले महाराज मला एकत्र भेटले. या सोनतळीच्या परिसरात महाराजांनी फासेपारध्यांना आणून वसवले होते. फासेपारधी हा खरा शिकारी. त्याच्याजवळ रायफल नाही, घोडा नाही, भालाही नाही. जवळ असतो तो फास. जनावराच्या आतड्याची तात किंवा घोड्याच्या शेपटीचा केस वळून केलेला, वाटेवर जमिनीशी लावलेला. तित्तिराचा आवाज काढून तो तित्तिराला बोलावतो. काळवीट कोणत्या गवतातून पाणी प्यायला येईल हे त्याला काळविटाच्या आधी ठाऊक. पण इंग्रजी कायद्याच्या लेखी अशा जमाती जन्मजात गुन्हेगार. कुठे चोरी झाली की आधी यांना धरायचे, आणि रोज चावडीवर हजेरी घ्यायची. आपल्या संस्थानातली ही हजेरीची पद्धत महाराजांनी 1918 सालीच बंद केली. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का होता त्याच माणसांना त्यांनी राखणीची कामे दिली, अंगावर कपडे आणि डोक्यावर छप्पर दिले. दरबारच्या मंडळींना हे वेड वाटले. परंतु शिकारीत ज्याने माग काढणाऱ्या पारध्यावर जीव सोपवलेला असतो, त्याला त्या माणसाच्या खरेपणाविषयी चावडीच्या कागदाची गरज लागत नाही. आरामखुर्चीत बसून राज्य करणाऱ्याला पारधी नुसता अर्जात भेटतो. महाराजांना तो रानात भेटला होता, पहाटे, अनवाणी, त्यांच्या पुढे दोन पावले चालणारा.

मी शिकारीची भलावण करतो आहे असे कुणाला वाटेल. तसे नाही. आमच्या माळावरची काळविटे गेली ती काही एकट्या चित्त्याने नेली नाहीत. ती बंदुकांनी, मग नांगराने आणि शेवटी उसाने नेली. यात संस्थानिकांच्या शिकारीचा वाटा आहेच, आणि पिकाच्या राखणीच्या नावाखाली बार काढणाऱ्या माझ्या आज्जाचाही आहे. तो लपवून काय उपयोग?

महाराज 6 मे 1922 रोजी मुंबईत गेले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. सुनेला डॉक्टर करायचे राहिले. ते गेल्यावर तिच्या त्या शिक्षणाला पूर्वीचा पाठीराखा उरला नाही. तरी शिकलेले कुठे जात नाही. पुढे इंदुमती राणीसाहेब कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाच्या कामात दिसत राहिल्या. 1971 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या सोनतळीवर त्या अकरा-बारा वर्षांची मुलगी म्हणून पाटी घेऊन बसल्या, तिथून निघालेली ती वाट पन्नासेक वर्षांची झाली.

दाजीपूरचे रानही राहिले. राजांची शिकारीची राखीव जागा म्हणून त्यावर कुऱ्हाड पडली नाही, आणि 1958 मध्ये ते अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. आज राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचे आहे, आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना होते. शेजारचे राधानगरीचे धरणही महाराजांचेच, 1909 मध्ये सुरू केलेले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झालेले. हातकणंगल्याच्या ज्या माळावर चित्ता सुटायचा, तिथे आज जो ऊस डोलतो त्याच्या मुळाशी भोगावती-पंचगंगेतून तेच पाणी येते.

काही वर्षांपूर्वी मी नातवाला घेऊन दाजीपूरला गेलो होतो. भल्या पहाटे, धुके उठायच्या आत. वाटाड्याच्या हातात काठी होती फक्त. वळणावर तो थांबला आणि बोटाने दाखवले. चाळीसेक पावलांवर गवा उभा होता, एकटा, काळाकभिन्न, गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखा. एवढ्या अंतरावरून आज्जाच्या ठासणीच्या बंदुकीचाही नेम चुकला नसता. नातवाने मला हळूच विचारले की हा मारायला किती मोठी बंदूक लागत असेल. मी त्याला कॉर्डाइट, .450 आणि कवचाची गोळी हे सगळे दबक्या आवाजात सांगत होतो, तेवढ्यात गव्याने मान वळवली, आमच्याकडे पाहिले आणि कारवीत शिरला. कारवी हलायची थांबेपर्यंत आम्ही तिघेही तसेच उभे होतो.

आज्जा गेल्यावर त्याचा परवाना कुणी पुढे चालवला नाही. बंदूक रीतसर सरकारजमा झाली. ती नेताना कुणाच्या लक्षात आले नाही, पण ठासणीचा लोखंडी गज माजघराच्या कोपऱ्यातच राहून गेला होता. आईने पुढे बरीच वर्षे तो न्हाणीघरात बंबातली राख उकरायला वापरला.